निचऱ्याची भोकं: पावसाळ्याआधी घर आणि गाडी अशी तपासा

सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने दोन-तीन बारीक खाचा असतात. गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात. कुलूप उलटं धरलं तर किल्लीच्या भोकाशेजारी आणखी एक बारीक भोक दिसतं. बेसिनला वरच्या कडेजवळ एक असतं, फ्रिजमध्ये मागच्या भिंतीच्या तळाशी एक. बऱ्याच जणांना वाटतं की पाणी आत येतं ते इथूनच. मग कोणी त्यात एम-सील भरतं, कोणी सिलिकॉनची नळी रिकामी करतं, आणि जुलैत पलंगाखाली पाणी आलं की पुन्हा मिस्त्रीला फोन जातो.

ही सगळी भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली आहेत. खिडकी सरकायची तर फट राहणारच, दाराची काच खाली-वर व्हायची तर तिच्या बाजूने पाणी उतरणारच, थंड पत्र्यावर दमट हवा लागली की थेंब जमणारच. चांगली वस्तू घडवणारा माणूस हे गृहीत धरतो आणि आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट ठेवून देतो. ती वाट बुजली की वस्तू बिघडली असं आपल्याला वाटतं, आणि दुरुस्तीचा खर्च भलत्याच ठिकाणी होतो.

ठाण्यात ही वाट लवकर बुजते. घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना बांधकामाची धूळ, प्रत्येक डक्टमध्ये कबुतरं, आणि खाडीकडून येणारी दमट खारी हवा, हे सगळं आठ महिने या भोकांत साठत असतं. नवी मुंबईतही खाडीलगतच्या ऐरोली, वाशी, नेरूळमध्ये वेगळं चित्र नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो. त्यामुळे मे महिन्यातला शेवटचा रविवार या कामाला द्यावा.

हाताशी काय हवं

जुना टूथब्रश, खराट्याचे चार-पाच हीर, एक लांब प्लास्टिकचा केबल टाय, मग, टॉर्च, जुनं फडकं आणि सुई नसलेली मोठी सिरिंज. स्क्रू ड्रायव्हर, लोखंडी तार, दाभण यांतलं काही घेऊ नका. आतली रबरी नळी फाटते, रंगाचा थर खरवडला जातो आणि तिथूनच गंज सुरू होतो. हीर वाकतो पण इजा करत नाही, म्हणून तो उत्तम.

प्रत्येक ठिकाणी क्रम एकच ठेवा. आधी थोडं पाणी ओतून बघा, मग साफ करा, मग पुन्हा पाणी ओता. पहिल्या वेळचं पाणी किती रेंगाळलं हे पाहिलेलं असलं की काम झालं की नाही ते दुसऱ्या वेळी आपोआप कळतं.

पहिली पायरी: खिडक्या

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण फ्लॅटमध्ये पाणी येण्याच्या तक्रारी मी जितक्या ऐकल्या आहेत त्यातल्या बऱ्याच खिडकीच्या ट्रॅकपाशी संपतात.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅककडे आडवी नजर टाकून बघा. आतली कड उंच असते आणि ट्रॅक बाहेरच्या बाजूला उतरत जातो. वाऱ्याने मारलेलं पाणी ट्रॅकमध्ये यावं, तिथे थांबावं आणि खाचांतून बाहेर पडावं, अशी ती रचना आहे. खाचा बुजल्या की ट्रॅक भरतो, आतल्या कडेवरून पाणी सांडतं आणि भिंतीवरून खाली येतं. मग लोक म्हणतात, भिंत झिरपतेय.

खिडकीचं एक पान पूर्ण बाजूला सरकवा. ट्रॅकमधली माती आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नका, तिची धूळ फुफ्फुसांना वाईट असते. तोंडाला मास्क लावा, पाणी शिंपडून ती मऊ होऊ द्या आणि मग उचला. आता टॉर्च मारून ट्रॅकच्या तळाशी आणि बाहेरच्या पट्टीत खाचा शोधा, प्रत्येकीत हीर घालून हलवा. शेवटी एक मग पाणी हळूहळू ओता. ते बाहेरच्या बाजूने धारेने जायला हवं. ट्रॅकमध्ये तळं साचून राहिलं तर एखादी खाच अजून बंद आहे. हे सगळं आतूनच करायचं. ग्रिलबाहेर वाकून, स्टुलावर चढून अजिबात करू नका. आतून खाच सापडत नसेल तर खिडकीवाल्याला बोलवा.

सोसायटीचं बाहेरचं रंगकाम नुकतंच झालं असेल तर खास लक्ष द्या. झुल्यावर बसलेला कारागीर भिंतीतल्या भेगांबरोबर या खाचाही पुट्टीने भरून टाकतो. त्याच्या दृष्टीने तेही भोकच. रंगकाम चालू असतानाच त्याला हाक मारून सांगावं, "दादा, ट्रॅकच्या खालच्या खाचा मोकळ्या ठेवा हं, त्या पाणी जायला आहेत." कंत्राटदाराच्या कामाच्या यादीत ही ओळ लेखी घालून घेतली तर फारच उत्तम.

बाल्कनी आणि ड्राय बाल्कनीच्या जाळ्या याच फेरीत उचलून बघा. तिथे साचलेली पानं, चिमटे आणि तुळशीच्या कुंडीतली माती काढली की झालं.

दुसरी पायरी: नहाणी ट्रॅप आणि बेसिन

इथे थोडं पाणी अडवून ठेवायचं असतं. बाथरूमच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्याच्या वळणात कायम पाणी उभं राहतं. ते पाणी म्हणजे गटारातल्या हवेला आणि झुरळांना लावलेलं दार आहे. सिंकखालच्या वाकड्या पाइपचं आणि बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागाचं कामही तेच.

मे महिन्यात घर बंद करून गावी गेलो, की हे पाणी उन्हाळ्यात हळूहळू वाळतं. परत आल्यावर घरभर कुबट वास येतो आणि आपण फिनेल ओतत बसतो. दोन मग साधं पाणी प्रत्येक जाळीत ओतलं तरी वास थांबतो. गणपतीला कोकणात आठ-दहा दिवस जाणार असाल तर निघण्याआधी पाणी भरून वर चमचाभर खाण्याचं तेल सोडा. तेलाचा थर पाण्याला वाळू देत नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेली, एरवी न वापरली जाणारी बाथरूम असेल तर तिथे आठवड्याला एकदा मगभर पाणी ओतण्याची सवय लावावी.

बेसिनच्या वरच्या कडेजवळचं भोक दोन कामं करतं. नळ चुकून चालू राहिला तर पाणी तिथून वाहून जातं, आणि खालचं बूच लावलेलं असलं तर ते काढल्यावर हवा आत घेऊन पाणी लवकर उतरायला मदत करतं. आत शेवाळ साठतं. सिरिंजने गरम पाणी आणि थोडा साबण आत सोडून ते धुवा.

वॉशिंग मशीनचा निचऱ्याचा पाइप मागे उंच नेऊन मग खाली सोडलेला असतो. जागा वाचवायला तो खाली सरळ टाकू नका. पाइप खाली पडला की मशीनमधलं पाणी भरता भरताच ओढलं जाऊन वाहून जाऊ शकतं, आणि मशीन भरतच राहतं. समोरून उघडणाऱ्या मशीनला खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर. खाली ताट ठेवून तो उघडा. नाणी, पिना, लहान मुलांचे मोजे सापडतील.

तिसरी पायरी: फ्रिज आणि एसी

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ साचलेला दिसत नाही, कारण ठरावीक वेळाने आतला हीटर तो वितळवतो. ते पाणी एका नळीने मागे, कॉम्प्रेसरच्या वर बसवलेल्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. बरेच जण वर्षानुवर्षं फ्रिज वापरतात पण हा ट्रे त्यांनी पाहिलेलाही नसतो.

भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचत असेल तर गॅस संपला, फ्रिज गेला असं म्हणण्याआधी ही नळी तपासा. प्लग काढा आणि मागच्या भिंतीच्या तळाशी भोक दिसतं का ते पाहा. कोथिंबिरीचं पान किंवा भाताचं शीत तिथे अडकलेलं असतं. सिरिंजने कोमट पाणी हळू सोडा, दोन-तीनदा. पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरल्याचा आवाज आला की काम झालं. काही मॉडेलमध्ये हे भोक आतल्या पॅनलमागे लपलेलं असतं. तसं असेल तर पॅनल ओढू नका, कंपनीच्या माणसाकडूनच ते काम करून घ्या.

फ्रिजच्या बाजू गरम लागतात, त्याने घाबरायचं कारण नाही. आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या आता मागे उघड्या न ठेवता बाजूच्या पत्र्यांत बसवतात. पण म्हणूनच फर्निचरच्या चौकटीत फ्रिज घट्ट कोंबणं चुकीचं. दोन्ही बाजूंना आणि मागे चार बोटं तरी जागा सोडा, इंटीरियर करणारा कितीही नाही म्हणाला तरी. पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे दार अर्धवट राहिलं तरी आपलं आपण मिटतं. पावसाळ्यात उघडं राहिलेलं दार म्हणजे आत ओलावा आणि त्या नळीवर जादा काम.

स्प्लिट एसीतून खोलीत पाणी गळत असेल तर बहुतेक वेळा निचऱ्याचा पाइप शेवाळाने भरलेला असतो किंवा त्याचा उतार बिघडलेला असतो. बाहेरचं टोक खालच्या मजल्याच्या खिडकीवर सोडलेलं असेल तर शेजाऱ्यांशी भांडण व्हायच्या आधी ते सोसायटीच्या पाइपला जोडून घ्या.

चौथी पायरी: वाफ आणि दाब

घरातल्या काही वाटा वाफेसाठी असतात. कुकरच्या शिट्टीखालची नळी रोज उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघावं. तुरीच्या डाळीचा फेस तिथे घट्ट बसतो. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा शेवटचा मार्ग आहे. पाणी संपून भांडं तापलं की त्यातला मिश्रधातू वितळतो आणि वाफ सुटते. तो उडाला तर त्याच कंपनीचा नवा बसवा, दुसरं काहीही घालून भोक बंद करू नका. हॉकिन्सचा एक कारखाना आपल्या ठाण्यातच आहे. त्यांच्या जुन्या धाटणीच्या कुकरचं झाकण आतून बसतं ते याच विचाराने. आत दाब असेतो तो दाबच झाकणाला वरच्या कडेवर रेटून धरतो, उघडू देत नाही.

साठवणीच्या गीझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात. तापलेलं पाणी फुगतं, त्याला जागा हवी, म्हणून. तो व्हॉल्व्ह बूच मारून बंद केला तर टाकीतला दाब जायला वाव राहत नाही. फार मोठी धार लागली तरच प्लंबर बोलवा.

स्वयंपाकघरात पाइपचा गॅस असेल तर खिडकीच्या वरच्या भागातली कायम उघडी झडप पावसाचे शिंतोडे येतात म्हणून पुठ्ठ्याने बंद करू नका. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळाला तर वर जातो, म्हणून ती वाट वर ठेवलेली आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. त्याच्यासाठी खालची वाट मोकळी हवी.

पाचवी पायरी: विजेची गळती

ओल्या भिंती आणि वीज एकत्र आली की धोका वाढतो, म्हणून ही पायरी टाळू नका. मुख्य बोर्डावर एका स्विचवर टी अक्षराचं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलीॲम्पिअर गळतीला वीज तोडतो, म्हणजे माणसाच्या जिवाला धोका होण्याआधी. कॉम्प्युटर बंद करा, टॉर्च हातात घ्या आणि टी दाबा. खट्कन वीज जायला हवी. गेली, तर स्विच वर करा, काम झालं. नाही गेली, तर तो आरसीसीबी फक्त शोभेला आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून त्याच आठवड्यात बदलून घ्या. नौपाड्यातल्या, वर्तकनगरमधल्या जुन्या इमारतींत नुसते एमसीबी असतात, टी बटण नसतंच. एमसीबी जास्त भार आणि शॉर्ट सर्किटपासून वायरिंग वाचवतो, माणसाला बसणाऱ्या धक्क्यापासून नाही. या घरांत आरसीसीबी बसवणं हा यंदाचा पहिला खर्च असावा असं माझं ठाम मत आहे.

प्लगची वरची पिन लांब आणि जाड का? लांब आहे म्हणून ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते, म्हणजे अर्थिंग कायम पुढे. जाड आहे म्हणून ती चुकूनही विजेच्या भोकात शिरत नाही. वॉशिंग मशीन किंवा गीझरसाठी दोन पिनांचा अडॅप्टर कधीही लावू नका. मोबाइलच्या चार्जरवर एकात एक दोन चौकोन छापलेले असतील तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याचं दोन पिनांवर भागतं.

सहावी पायरी: गाडी

बॉनेट उघडा. वायपरच्या खाली प्लास्टिकची जाळी असते. काचेवरून उतरणारं पाणी तिथे जातं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून चाकामागे पडतं. गुलमोहर, पीतमोहर, रेन ट्री यांच्याखाली गाडी लावणाऱ्यांच्या जाळीत पानांचा लगदा तयार होतो. हाताने तो काढा, मग बाटलीभर पाणी कोपऱ्यात ओता आणि पुढच्या चाकामागे पडतं का ते खाली वाकून पाहा. ही वाट बुजली तर पाणी एसीच्या ब्लोअरकडे जातं, कारण हवा आत घेण्याचं तोंड तिथेच असतं. मग केबिन फिल्टर कुजतो आणि गाडीत ओल्या फडक्याचा वास येतो.

आता दारं. काचेच्या बाहेरच्या रबरातून पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि दाराच्या खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर जातं. दाराचं आतलं पोट ओलं होणं हे गृहीतच धरलेलं असतं. दार उघडून खालची कड बघा, प्रत्येक भोकात हीर फिरवा. दार उघडताना-मिटताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज येत असेल तर भोक नक्की बुजलं आहे.

दोन ठिकाणी गॅरेजमध्येच बिघाड ओढवून घेतला जातो. गाडीखाली गंजरोधक काळा लेप मारताना ही भोकं त्याच लेपाने झाकली जातात. काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी एकेक भोक मोकळं करून मागा. दुसरं, नवे स्पीकर बसवताना दाराच्या पॅनलमागची प्लास्टिकची शीट फाडून टाकतात. ती शीट म्हणजे ओला भाग आणि तुमचे पाय यांच्यामधली भिंत आहे. ती पुन्हा नीट चिकटवली नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात गालिचा भिजतो, आणि दोष बिचाऱ्या रबरावर जातो.

सनरूफ असेल तर ते उघडून कडेच्या पन्हळीत कपभर पाणी सोडा. साधारणपणे चार कोपऱ्यांना चार नळ्या असतात, त्या खांबांतून खाली उतरतात. कपातलं पाणी गाडीखाली पडायला हवं. जोराची हवा मारून नळी साफ करू नका, आतल्या आत सांधा सुटला तर छताचं कापडच भिजेल.

एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडणं चांगलं लक्षण आहे, हवेतला ओलावा बाहेर चाललाय. थेंब थांबले आणि पायाखालचा गालिचा ओला झाला तर निचऱ्याची नळी बुजली आहे. एसीच्या या ओलावा काढण्याचा दुसरा उपयोग म्हणजे काचेवरचं धुकं घालवणं. आतून धुकं धरलं तर एसी चालू ठेवा, बाहेरची हवा आत घेणारा पर्याय निवडा आणि वारा काचेवर सोडा. बाहेरून धुकं धरलं तर काच जास्त गार झाली आहे. तापमान थोडं वाढवा आणि वायपर फिरवा. हेडलाइटच्या आत हलका दव दिसला आणि दिवा लावल्यावर गेला तर ठीक, तिथेही हवेची छोटी वाट असते. तळाशी पाणी साचलं तर मात्र सील गेलं.

डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीची खोबणही बघून घ्या.

आणि वंदना टॉकीजजवळ किंवा कुठल्याही सखल रस्त्यावर गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टनचा दांडा वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मेकॅनिक हेच ओरडून सांगत आले आहेत. टूलकिटमधला ओढण्याचा हुक आजच शोधून ठेवा. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून तो आट्यांत फिरवायचा असतो. काही युरोपीय गाड्यांत हे आटे उलटे असतात.

सातवी पायरी: सोसायटीची भिंत

येऊरच्या पायथ्याला, कळवा-पारसिकच्या उतारावर राहणाऱ्यांनी मागची संरक्षक भिंत पाहावी. तिच्यातून ओळीने पाइपची टोकं बाहेर आलेली दिसतील. डोंगराच्या मातीत मुरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. उंदीर, साप येतात म्हणून ती सिमेंटने बुजवलेली मी पाहिली आहेत. तसं केलं की मागे साचणाऱ्या पाण्याचा सगळा रेटा भिंतीवर येतो, आणि ती पार्किंगमध्ये किंवा मुलं खेळतात त्या जागेत कोसळू शकते. जनावरांची भीती असेल तर पाइपच्या तोंडाला जाळी बसवा, पाइप बंद करू नका. हा विषय कमिटीच्या बैठकीत लेखी मांडा, आणि भिंतीला फुगवटा किंवा नव्या भेगा दिसल्या तर पावसाची वाट न पाहता स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

गेटच्या आणि मीटर रूमच्या कुलपांच्या तळातल्या भोकात तेलाचे दोन थेंब सोडायला वॉचमनकाकांना सांगा. आत गेलेलं पाणी निघायची आणि तेल घालायची जागा तीच आहे.

पहिली जोरदार सर येऊन गेली की तासाभरात पुन्हा एक फेरी मारा. खिडकीचे ट्रॅक, गाडीचा पुढचा गालिचा, फ्रिजचा तळ आणि ती भिंत. भिंतीतल्या पाइपांतून पाणी वाहत असेल तर ठीक. मागे डोंगर पाझरतोय आणि पाइप कोरडे आहेत, तर फोटो काढून त्याच दिवशी सेक्रेटरींना पाठवा आणि भिंतीखाली लावलेल्या गाड्या हलवायला सांगा.